आधी कागद, मग मुहूर्त

जर्मनीत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींचे फोन मला वर्षभर येत असतात. "ताई, इथेच लग्न करायचं म्हणतोय. काय काय कागद लागतील?" माझं माहेर कराडजवळच्या एका गावात, नवरा जर्मन, आणि लग्न लागलं श्टुटगार्टच्या विवाह नोंदणी कार्यालयात. या कार्यालयाला इथे श्टांडेसआम्ट म्हणतात. तेव्हापासून अनेक जोडप्यांच्या फायली मी त्यांच्याबरोबर बसून लावल्या आहेत. परदेशातल्या लग्नात प्रेम, घरच्यांची संमती, खर्च हे सगळं जुळूनही गाडं अडतं ते एखाद्या कागदापाशी. अशा वेळी त्या दोघांची आणि दोन्हीकडच्या आईवडिलांची जी घालमेल होते, ती मी जवळून पाहिली आहे. म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. पहिला प्रश्न लग्न लावणाऱ्या कार्यालयालाच विचारा.

मैत्रिणीची यादी तिच्यापुरती खरी असते. ती म्युनिकची असेल, तुमची फाइल हॅम्बुर्गला असेल. तिचा नवरा भारतीय असेल, तुमची होणारी बायको जर्मन असेल. लग्न कसं लावायचं हे जर्मन कायदा ठरवतो; पण तुम्ही लग्नाला पात्र आहात का, म्हणजे वय, जवळचं नातं, आधीचं लग्न, हे तुमच्या देशाच्या कायद्याने तपासलं जातं. दोन देशांचे कायदे एकाच टेबलावर येतात, म्हणून प्रत्येक जोडप्याची यादी वेगळी होते. आपल्या शहराच्या श्टांडेसआम्टची वेळ घ्या, दोघांचे पासपोर्ट दाखवा आणि यादी लेखी मागून घ्या. भारतातली धावपळ त्यानंतर सुरू करा.

२. जन्माचा दाखला मूळ नोंदीपासून तपासा.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आपला कायदा १९६९ चा. पण खेड्यापाड्यांत नोंद करताना बाळाचं बारसं झालेलं नसे, म्हणून नावाचा रकाना कोराच राहायचा. माझ्या गावी ग्रामपंचायतीत भाऊसाहेबांनी जुनं रजिस्टर काढलं, तेव्हा माझ्या ओळीत लिहिलं होतं: मुलगी, वडिलांचं नाव, आईचं नाव, गाव. माझं नाव नव्हतं. शाळेचा दाखला आणि आईवडिलांचा अर्ज देऊन ते भरून घेतलं आणि नवा दाखला मराठी-इंग्रजी असा द्विभाषी घेतला. हे काम रीतसर होतं, पण बसल्या जागी होत नाही.

नोंदच नसेल तर उशिराची नोंद करावी लागते. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल, तर त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. लग्नाच्या तोंडावर केलेल्या अशा नोंदीकडे जर्मन अधिकारी बारकाईने पाहतात. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, जुनं रेशनकार्ड असं जे जे जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं सांगतं, ते सगळं जपून ठेवा.

३. सगळ्या कागदांवर नाव एकाच स्पेलिंगचं असू द्या.

पासपोर्टवर एक स्पेलिंग, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं, वडिलांच्या आधारवर तिसरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. इथे त्या तीन व्यक्ती ठरतात. पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण माना आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. जिथे बदल मोठा असेल, तिथे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद कामी येते.

आपलं मधलं नाव ही याहून नाजूक बाब. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुधा स्वतःच्या नावाला जोडून येतं. जर्मन पद्धतीत वडिलांच्या नावाला वेगळी जागा नाही, त्यामुळे ते तुमचंच दुसरं नाव म्हणून नोंदलं जातं. माझा अर्ज भरताना समोरच्या बाईंनी विचारलं, "विजय हे तर पुरुषाचं नाव ना?" मी महाराष्ट्राची पद्धत सांगितली, वडिलांच्या पासपोर्टची प्रत पुढे ठेवली. त्यांनी तसं टिपण फाइलला लावलं आणि काम पुढे सरकलं.

लग्नानंतर मधे नवऱ्याचं नाव लावण्याची आपली रीत इथे आपोआप लागू होत नाही. जर्मनीत नावाचा नवा कायदा १ मे २०२५ पासून लागू आहे आणि नावाचा प्रश्न आता मुख्यतः तुम्ही जिथे नेहमी राहता त्या देशाच्या कायद्याने सुटतो. लग्नानंतर आडनाव काय राहणार, हे दोघांनी अर्ज भरण्यापूर्वीच बोलून ठरवा. मुलांच्या दाखल्यापर्यंत तेच पुढे जातं.

४. अविवाहित असल्याचा पुरावा ताजा हवा.

भारतात सगळ्यांच्या लग्नांची एकच मध्यवर्ती नोंदवही नाही. त्यामुळे "याचं लग्न झालेलं नाही" असं खात्रीने सांगणारं सरकारी कार्यालयही नाही. मग पुरावा उभा राहतो प्रतिज्ञापत्रांवर. तुमचं स्वतःचं आणि बहुतेक ठिकाणी आईवडिलांचंही लागतं. शिवाय भारतीय वकिलातीचा दाखला. फार आधी काढलेला कागद शिळा धरला जातो, म्हणून किती महिन्यांच्या आतला हवा हे विचारूनच स्टॅम्प पेपर घ्या. वडील हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूचा दाखलाही सोबत जोडा.

५. जर्मनीसाठी अपोस्टिलच्या भरवशावर राहू नका.

पुण्यामुंबईतले एजंट "अपोस्टिल मारून देतो, जगभर चालेल" असं छातीठोकपणे सांगतात. भारत २००५ साली हेगच्या अपोस्टिल करारात आला आणि पुष्कळ देशांत परराष्ट्र मंत्रालयाचा तो शिक्का चालतो. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, म्हणून या दोन देशांमध्ये तो करार लागू झाला नाही. इथे पद्धत वेगळी आहे. श्टांडेसआम्ट तुमचे मूळ कागद जर्मन वकिलातीकडे पडताळणीला पाठवतं. महाराष्ट्र आणि गोव्याचे कागद मुंबईच्या वकिलातीकडे जातात. वकिलातीने नेमलेला वकील दाखला देणाऱ्या कार्यालयात जाऊन नोंद पाहतो, घरी आणि शेजारीपाजारीही चौकशी करतो. याचा खर्च जोडप्याने आगाऊ भरायचा असतो आणि यात काही महिने सहज जातात.

म्हणून गावी आधी कल्पना देऊन ठेवा. अनोळखी माणूस दारात येऊन "मुलीचं आधी कुठे जमलं होतं का?" असं विचारू लागला, की आपली माणसं घाबरतात आणि अब्रू राखायला काहीबाही बोलतात. माझ्या आईने शेजारच्या काकूंना आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही सांगून ठेवलं होतं: कोणी आलं तर जे आहे ते खरं सांगा. प्रत्येक घराने एवढं करावंच.

६. तारीख कोर्टाच्या कागदानंतर ठरवा.

जर्मनीत लग्न करणाऱ्या परदेशी माणसाला त्याच्या देशाचं "विवाहपात्रता प्रमाणपत्र" लागतं. भारत असं प्रमाणपत्र देत नाही. मग श्टांडेसआम्टमार्फत त्या प्रांताच्या उच्च न्यायालयाकडे सूट मागावी लागते. ही सूट सहाच महिने टिकते. त्यामुळे क्रम असा ठेवा: कागद, पडताळणी, कोर्टाची सूट, मग तारीख. आपल्याकडे आधी मुहूर्त निघतो, हॉल बुक होतो, मामाची विमानाची तिकिटं निघतात. इथे असं केलं, तर एका दाखल्यासाठी सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. घरच्या वडीलधाऱ्यांना हा क्रम पहिल्याच फोनवर समजावून सांगा. ते ऐकतात.

७. भाषेची सोय आधी करा.

मराठी किंवा इंग्रजी कागदांचं भाषांतर न्यायालयाने शपथ दिलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यावं लागतं. तुम्हाला जर्मन नीट येत नसेल, तर अर्जाच्या दिवशी आणि लग्नाच्या दिवशी दुभाषी हवाच. मित्र चालेल की नाही, ते अधिकारी ठरवतात. आपण कशाला "हो" म्हणतोय हे वधूवरांना शब्दन् शब्द कळलं पाहिजे, हा नियम मला मनापासून पटतो.

८. सप्तपदी आणि कायद्याचं लग्न यांचा संबंध समजून घ्या.

जर्मनीत १८७६ पासून कायद्याने लग्न होतं ते नोंदणी कार्यालयातच. हॉल घेऊन, गुरुजी बोलावून, अंतरपाट धरून लग्न लावा. आनंद खरा, पण त्याने कायद्याचं नातं जुळत नाही.

भारतात येऊन विधी करणाऱ्यांनी आणखी जपावं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, आणि तो दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. हिंदू आणि ख्रिस्ती यांचं हिंदू पद्धतीने लागलेलं लग्न या कायद्याखाली वैध नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं. उलट बाजूने, विधी न करता नुसती नोंदणी केली तर तेही हिंदू विवाह कायद्यात बसत नाही, असं न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. व्हिसासाठी आधी कागद करून घेऊ, विधी पुढच्या वर्षी, हा बेत त्यामुळे धोक्याचा आहे. जोडीदार वेगळ्या धर्माचा असेल, तर भारतात १९५४ चा विशेष विवाह कायदा ही नेहमीची वाट: दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवसांचं वास्तव्य, नोटीस, ३० दिवसांची मुदत आणि तीन साक्षीदार.

९. दुसऱ्या वाटा पूर्ण माहिती घेऊनच धरा.

परदेशातल्या भारतीयांसाठी १९६९ चा विदेशी विवाह कायदा आहे. त्याखाली वकिलातीतले विवाह अधिकारी लग्न लावू शकतात, निदान एक जण भारतीय नागरिक हवा. पण जोडीदार जर्मन नागरिक असेल, तर जर्मनीत वकिलातीत लागलेलं लग्न जर्मन कायदा मानत नाही.

पुष्कळ जोडपी डेन्मार्कला जातात. तिथे २०१९ पासून परदेशी जोडप्यांची तपासणी एकच मध्यवर्ती संस्था करते. तिचं प्रमाणपत्र चार महिने टिकतं आणि त्या मुदतीत तुम्ही निवडलेल्या नगरपालिकेत लग्न लागतं. कागद कमी लागतात, पण खोटं तिथेही चालत नाही. शिवाय डेन्मार्कमध्ये पाऊल ठेवण्यापुरता तुमचा व्हिसा वैध हवा.

१०. घटस्फोट झाला असेल तर तो लपवू नका.

न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत, अपिलाची मुदत संपल्याचा पुरावा आणि आधीच्या लग्नाचा दाखला, तिन्ही लागतात. काही प्रकरणांत भारतीय घटस्फोटाला जर्मनीत वेगळी मान्यता घ्यावी लागते. घरात हा विषय दबक्या आवाजात बोलला जातो. कार्यालयात मात्र तो फक्त एक तारीख आणि एक कागद असतो. खरं सांगणाऱ्याला तिथे कोणी कमी लेखत नाही.

११. समोरच्याचेही कागद पाहा.

मुलगी परदेशी देताना आपण पगार विचारतो, घर विचारतो. कागद मागायला संकोचतो. जर्मनीतल्या नगरपालिकेतून राहत्या पत्त्याचा दाखला वैवाहिक स्थितीच्या उल्लेखासह मिळतो. तो मागा. अनिवासी नवऱ्यांकडून झालेल्या फसवणुकीच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे, यावरूनच हा प्रश्न किती खोल आहे ते कळतं. एक कागद मागितला म्हणून मोडणारं स्थळ मोडलेलंच बरं.

१२. लग्नानंतरचे कागद लग्नाआधी समजून घ्या.

भारतातून येणाऱ्या जोडीदाराला साधारणपणे जर्मनची ए-१ परीक्षा द्यावी लागते. ब्ल्यू कार्डधारकाच्या जोडीदाराला सूट आहे. जर्मनीत संसार थाटलात आणि वेगळा करार केला नाही, तर ज्याची मिळकत त्याची राहते, पण लग्नाच्या काळात झालेली वाढ वेगळं होताना दोघांत वाटली जाते. बदल हवा असेल तर नोटरीपुढे करार करावा लागतो. आणि भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड हवं असेल, तर लग्न नोंदवलेलं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं.

ही यादी वाचून कुणाला धास्ती वाटली असेल, तर एवढं सांगते: यातला एकही कागद अशक्य नाही. आणि परक्या देशात आजारपण आलं, नोकरी गेली, नवरा किंवा बायको अचानक दुरावली, तर घरात, दवाखान्यात आणि कोर्टात तुमचा हक्क हेच कागद सांगतात. तेव्हा लग्न ठरल्या दिवशी पेढे वाटा, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन आपला जन्माचा दाखला पाहून या.