ब्रह्मकमळाचे पान

श्रावण सरतो, भाद्रपद उजाडतो आणि मुंबईच्या उपनगरांतील पावसाचा जोर ओसरू लागतो. जून महिन्यापासून भिजणाऱ्या भिंतींवर हिरवे शेवाळ चढलेले असते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील उतार रानतेरड्याने गुलाबी झालेले असतात. याच सुमारास घाटकोपर, मुलुंड, अंधेरी येथील गॅलऱ्यांत, खिडक्यांच्या जाळ्यांत आणि तळमजल्याच्या चिमुकल्या अंगणांत बागकामाची हौस असणाऱ्या माणसांची धांदल उडते. कारण हे दिवस रोपांनी घरे बदलण्याचे असतात. एकाच्या पिशवीत सोनटक्क्याचा गड्डा असतो, दुसऱ्याच्या रुमालात गुलबाक्षीच्या बिया असतात. कोणी जास्वंदीची फांदी ओल्या कागदात गुंडाळून, लोकलच्या गर्दीत ती मोडू नये म्हणून, डोक्यावर धरून उभा असतो. शेजारी उभ्या असलेल्या प्रवाशाने सहज विचारावे, “कोणती हो?” आणि उतरेपर्यंत त्या फांदीचे एक पेर त्यालाही मिळालेले असावे, असेही घडते.

या साऱ्या देवघेवीत ज्याला सर्वांत अधिक मागणी असते, ते म्हणजे ब्रह्मकमळाचे पान.

मुलुंडच्या एका जुन्या दुमजली इमारतीत, पहिल्या मजल्यावरील सामाईक गॅलरीच्या टोकाला, ब्रह्मकमळाची एक भली मोठी कुंडी होती. ती एका निवृत्त शिक्षकांची. सारी इमारत त्यांना आजोबा म्हणत असे. जुलैपासून त्या झाडाला कळ्या धरू लागत. प्रथम त्या खाली लोंबत. दोन-तीन आठवड्यांनी देठ हळूहळू वर वळे आणि कळीचे टोक आकाशाकडे होई. एखाद्या संध्याकाळी ते टोक सैल झालेले दिसले, की आजोबा नातीला सांगत, “जा, वरच्या काकूंना सांगून ये, आज फुलणार म्हणावं. आणि कोपऱ्यावरच्या मास्तरांनाही सांग, नाहीतर उद्या रुसून बसतील.”

रात्री नऊच्या सुमारास गॅलरीत खुर्च्या मांडल्या जात. कळी उमलताना डोळ्यांना दिसत नाही, पण पाच मिनिटे दुसरीकडे पाहून पुन्हा तिच्याकडे पाहिले, तर ती अधिक उघडलेली असते. बाहेरचे अरुंद, तपकिरी छटेचे दल मागे वळते, आतील शुभ्र पाकळ्या एकामागून एक सुटत जातात, आणि मध्यरात्रीपर्यंत वीतभर लांब देठाच्या टोकाशी पसरट वाटीएवढे फूल पूर्ण उमलते. त्याच्या पोटात पिवळसर केसरांची दाटी असते. सुगंध जिन्यापर्यंत जातो. कोणी हळदकुंकू वाहतो, कोणी हात जोडतो, कोणी चहा ठेवतो. लहान मुले जागी राहण्याची पैज लावतात आणि दहाच्या आतच झोपी जातात. सकाळी पाहावे, तो ते फूल ओल्या कापडासारखे लोंबत असते. ज्यांनी रात्री पाहिले त्यांनीच पाहिले.

अशा रात्री कोणीतरी घुटमळत विचारीच, “आजोबा, एक पान मिळेल का?”

“मिळेल की! पण आज नाही. पावसानं जरा उघडीप दिली की शनिवारी या.”

हे पान खरे पाहता पान नव्हेच. ब्रह्मकमळ हे निवडुंगाच्या कुळातील झाड आहे. निवडुंग म्हटला की काटे आणि वाळवंट डोळ्यांपुढे येते. पण या झाडाचे मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका येथील दमट अरण्यांत आहे. तेथे ते मोठ्या वृक्षांच्या खोडांवर, बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्यात मुळे रोवून वाढते. त्या वृक्षाचा रस ते शोषून घेत नाही. केवळ आधार घेते. आपण ज्याला पान म्हणतो, ते त्याचे चपटे झालेले खोड होय. म्हणूनच त्याच्या कडेच्या खाचेतून नवे ‘पान’ फुटते आणि कळीही तेथूनच निघते. आंब्याचे पान मातीत खोचले तर कुजून जाते. ब्रह्मकमळाचे जगते, याचे कारण ती मुळात फांदीच असते.

रात्री फुलण्याचेही कारण आहे. त्याच्या मूळच्या अरण्यात रात्री उडणारे मोठे पतंग आणि वटवाघळे मधासाठी फुलांवर येतात. अंधारात त्यांना लाल-पिवळ्या रंगाचा काय उपयोग? त्यांना शुभ्रपणा दिसतो आणि सुगंध खुणावतो.

नावाचा तर मोठाच घोटाळा आहे. खरे ब्रह्मकमळ हिमालयात साडेतीन-चार हजार मीटरांच्या आसपास आणि त्याहूनही उंच जागी उगवते. ते सूर्यफुलाच्या कुळातील असून उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. मुंबईच्या घामट हवेत ते तगावे कसे? आपल्याकडील या फुलाला केरळात निशागंधी म्हणतात, आणि ते नाव त्याला अधिक शोभते. आजोबा हा खुलासा दरवर्षी करीत. लोक तो आदराने ऐकून घेत आणि पुढच्या वर्षी पुन्हा, “ब्रह्मकमळ कधी फुलणार?” असेच विचारीत.

शनिवारी पाहुणे आले, की आजोबा एक जून, निबर पान धारदार सुरीने कापीत. कोवळे पान दिसावयास सुंदर, पण ते कुजते. कापलेले पान तीन-चार दिवस सावलीत तसेच ठेवावयाचे, म्हणजे कापलेली कड सुकते आणि बुरशीला आत शिरकाव मिळत नाही. घाई करणारे येथेच फसतात. मग वाळू, पालापाचोळ्याचे खत, विटांचे बारीक तुकडे आणि थोडी माती यांच्या मिश्रणात दोन बोटे खोल खोचावयाचे. झाडांच्या बेचक्यांत वाढणाऱ्या या मुळांना हवा लागते. पाणी साठलेली कुंडी म्हणजे त्यांचे मरण. कुंडीखालच्या बशीत पाणी राहू देऊ नये हे तर वेगळे सांगावयासच नको. तेथे डेंग्यूचा प्रसार करणारे डासही वाढतात. भाद्रपदातील हवा दमट असल्याने मुळे फुटेपर्यंत पान सुकत नाही. त्यानंतर लगेच ऑक्टोबरची तलखी येते, तेव्हा कुंडी उन्हातून आत घ्यावी लागते.

इतके सारे केल्यावर फूल कधी येते? दोन वर्षांनी, क्वचित तीन वर्षांनी. पान नेणाऱ्यांपैकी कितीकांचा उत्साह तेवढ्या काळात मावळतो. शिवाय चोरून आणलेले रोप अधिक चांगले जगते, अशी एक समजूत पुष्कळ घरांत आहे. तिच्यात तथ्य असेल तर एवढेच, की चोरून आणलेल्या रोपाची काळजी माणूस जास्त घेतो. ते मेले तर दुसरे मागावयास तोंड उरत नाही!

बियांची आणि पानांची देवघेव मात्र सारखी नव्हे. गुलबाक्षीच्या बियांतून काय उगवेल, याचा भरवसा देता येत नाही. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर झाला, तर पुढच्या पिढीत गुलाबी फुले येतात. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने तर १९०९ साली पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांच्या गुलबाक्षीवरील प्रयोगांतून असे दाखविले, की पानांचा रंग ज्या फांदीवर बी धरले त्या फांदीवरून ठरतो. पराग कोठून आला याने काही फरक पडत नाही. ब्रह्मकमळाचे तसे नाही. पानापासून वाढलेले झाड हे मूळ झाडाचाच भाग असते. आजोबांचे पान घाटकोपरच्या खिडकीत वाढले आणि त्याचे पान पुढे अंधेरीस गेले, तर त्या तीन कुंड्यांत तीन झाडे नसतात; एकच झाड तीन ठिकाणी राहत असते. हवामान सारखे लाभले, की ती कधी कधी एकाच रात्री फुलतात.

आजोबांची एक वही होती. पान कोणी नेले, केव्हा नेले आणि ते जगले की नाही, याची नोंद ते तिच्यात करीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा उपनगरांतील तळमजल्यांत पाणी शिरले आणि अंगणातील कुंड्या बुडाल्या. त्या वर्षीच्या पानावर पुष्कळशी जुनीच नावे दुसऱ्यांदा लिहिलेली आहेत. काहींच्या पुढे ‘संकोचाने’ असा शेराही आहे. पुराने नेलेल्या झाडासाठी पुन्हा मागावयास आलेल्या माणसाला एवढा संकोच का वाटावा, कोणास ठाऊक!

पुढे त्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. मुंबईच्या उपनगरांत आता हे नवे नाही. दोन-तीन मजली इमारती पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहतात, आणि तोपर्यंत बिऱ्हाडांना भाड्याच्या घरांत दिवस काढावे लागतात. आजोबांना मिळालेल्या घराला गॅलरी नव्हती. कुंडी तर दोघांनाही उचलत नव्हती. सामान बांधून होईपर्यंत त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. अखेरच्या रविवारी मात्र त्यांनी सुरी घेतली आणि झाडाची पानेच पाने कापली. इमारतीतील प्रत्येक बिऱ्हाडाला दोन, ओळखीच्यांना दोन, इस्त्रीवाल्याला दोन. स्वतःसाठी ठेवलेली चार पाने त्यांनी नव्या घराच्या खिडकीत लावली. ती खिडकी पश्चिमेची होती. ऑक्टोबरच्या उन्हाने ती चारही पाने पिवळी पडली आणि दिवाळीपूर्वीच गेली.

पाच वर्षांनी ते परत आले, ते अकराव्या मजल्यावर. खिडकी पूर्वेची होती, वारा भरपूर होता. पण खिडकीत काहीच नव्हते. आजोबांनी वही उघडली. जुन्या शेजाऱ्यांपैकी काहींचे पान सामान हलविताना मोडले होते, काहींनी भाड्याच्या घरातून निघताना कुंडी तेथेच सोडली होती. दूरध्वनी करता करता ते कितीतरी जुन्या नोंदीपर्यंत मागे गेले. घाटकोपरच्या एका बाईंनी कधीकाळी एक पान नेले होते. पुढे ‘जगले’ असे लिहिलेले होते.

“आजोबा, अहो, यंदा अकरा फुलं आली!” त्या म्हणाल्या. “तुम्ही कशाला येता? मीच घेऊन येते.”

“आत्ता नको. गणपती होऊ द्या, पाऊस कमी होईल,” आजोबा म्हणाले. जणू पान मागावयास दुसरेच कोणी आले होते.

अनंतचतुर्दशी झाल्यावर बाई आल्या. पान त्यांनी चार दिवस सावलीत सुकवूनच आणले होते. कुंडीत घालण्यासाठी विटांचे तुकडेही बरोबर होते. आजोबांनी ते सारे निरखून पाहिले आणि मान डोलावली. नात आता महाविद्यालयात जाणारी झाली होती. तिने पान लावले. पाणी किती घालावयाचे यावरून आजोबांत आणि बाईंत थोडा वादही झाला.

पाहुण्या गेल्यावर आजोबांनी वही मागितली. नोंदीच्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी तारीख घातली, आणि जेथे पान नेणाऱ्याचे नाव लिहीत तेथे स्वतःचे नाव लिहिले. पुढचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. मुळे धरली की नाही, हे कळावयास अजून महिना तरी लागणार होता.