सौर विजेसाठीं जमीन देण्यापूर्वीं

शेतीच्या पंपांस दिवसा वीज मिळावी या हेतूनें महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढली. २०२३ मध्यें तिला दुसरें रूप मिळालें. तींत खासगी जमिनीस दर हेक्टरीं वार्षिक १,२५,००० रुपये भाडें व प्रतिवर्षीं ३ टक्के वाढ ठरली. धान पिकवून इतकी निव्वळ प्राप्ति क्वचितच होते. तेव्हां बपेऱ्याच्या शेतकऱ्यास मोह पडला तर नवल नाहीं. मात्र विजेचा करार २५ वर्षांचा, म्हणजे एका पिढीचा असतो.

एका मेगावॉटास ४ ते ५ एकर सलग जागा लागते, आणि तीहि उपकेंद्रापासून ५ ते १० किलोमीटरांच्या आंत. यामुळें कंपनीची नजर रस्त्यालगतच्या सपाट शेतावर प्रथम जाते. शेतकऱ्यानें आपली नजर जमिनीच्या प्रतीवर ठेवावी. आमच्या जिल्ह्यांत जुन्या बंदोबस्तापासून कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशा प्रती चालत आल्या आहेत. सिहार ही धानाची जमीन. तिच्या बांध्या कित्येक पिढ्यांनीं माती ओढून समतल केल्या. शिवाय पाणी वरच्या बांधींतून खालच्या बांधींत उतरतें. मधल्याच बांधीस कुंपण पडलें व धुरे फुटले, तर खालच्या शेजाऱ्याचें धान वाळेल. सिहोरा भागांत चांदपूर जलाशयाचें पाणी ज्या बांध्यांस मिळतें, त्या तर या कामीं मुळींच देऊं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. द्यावयाचीच तर खडकाळ बरडी द्यावी.

सरकारी जागेविषयीं अधिक सावधगिरी हवी. कागदांत ‘पडीत’ लिहिलेलें पाहून ती मोकळी समजली जाते. आम्हीं महसूल खात्यांत लेखणी झिजविली आहे. ‘पडीत’ म्हणजे पीक न घेतलेली, निरुपयोगी नव्हे. १९५१ मध्यें मालगुजारी गेली, परंतु गांवाचे चराईचे, सरपणाचे, माती-मुरमाचे हक्क गेले नाहींत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत कलम १६१ प्रमाणें निस्तारपत्रक व कलम १६५ प्रमाणें वाजिब-उल-अर्ज ठेवण्याची तजवीज आहे. वाटेचे, पाण्याचे, मासेमारीचे रिवाज दुसऱ्या कागदांत सांपडतात. ग्रामसभेनें ठराव करण्यापूर्वीं हे दोन्ही कागद मोठ्यानें वाचून घ्यावेत, आणि ज्या गटावर आखर आहे किंवा गांवचीं गुरें चरतात तो यादींतून काढावा. गुरें कमी झालीं, आतां चराई कशाला, असें म्हणणारे भेटतील. त्यांनीं शेळ्या मोजून पाहाव्यात.

जो शेत ठेक्यानें कसतो त्याचें नांव बहुधा ७/१२ वर नसतें, व भाड्याच्या हिशेबांत तो कोठेंच येत नाहीं. त्यास निदान एक हंगाम आधीं कळवावें.

भाडेपट्टा नोंदवितांना सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्या, बँकेचा बोजा पाहावा, आणि ७/१२ च्या इतर हक्कांत नोंद झाल्याची खात्री करावी. मुदत संपल्यावर लोखंडी खांब व सिमेंटचे पाये कोणीं उपटावयाचे, बांध्या कोणाच्या खर्चानें सरळ करावयाच्या, हें कलम करारांत नसेल तर घालून घ्यावें, व तोंवर सही करूं नये.