नवा खेळ आणि जुनी संचालन-प्रणाली

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात टहरौली नावाचे तहसिलीचे ठिकाण आहे. मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती राणी लक्ष्मीबाईंमुळे. टहरौलीचे नाव त्याच्या कानी बहुधा आलेले नसेल. समजा, या गावातील एका विद्यार्थ्याच्या घरी बारा-तेरा वर्षांपूर्वी घेतलेला एक संगणक आहे. तो नीट चालतो. त्यावर विंडोज ७ ही संचालन-प्रणाली आहे आणि रीतसर पैसे देऊन घेतलेले काही खेळ आहेत. एके दिवशी असे होते की, हे खेळ ज्या दुकानातून घेतले त्या दुकानाचा प्रोग्रामच या संगणकावर चालेनासा होतो. यंत्र बिघडलेले नाही, खेळ बिघडलेले नाहीत आणि मुलाच्या हातून काही चूकही घडलेली नाही.

प्रसंग कल्पनेतला असला तरी त्याचे कारण कल्पनेतले नाही. संगणकीय खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानाने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ या प्रणालींचा आधार काढून घेतला. स्टीमचा प्रोग्राम आपल्या पोटात क्रोम या ब्राउझरची एक आवृत्ती बाळगतो आणि क्रोमने जुन्या विंडोजची साथ सोडली होती, असे कारण देण्यात आले. कारण खोटे नव्हते. पण त्यामुळे २०१० साली विकत घेतलेला आणि २०१० सालच्या यंत्रावर सुखाने चालणारा खेळही हमीबाहेर गेला. खेळ विकत घेणे म्हणजे नेमके काय विकत घेणे, हा प्रश्न येथे उभा राहतो आणि नव्या प्रणालीची सक्ती नाकारणाऱ्या खेळाडूंच्या साऱ्या तक्रारीचे मूळ त्यातच आहे.

खेळ आणि संचालन-प्रणाली यांचा संबंध प्रथम समजून घेतला पाहिजे. खेळाचा प्रोग्राम पडद्यावर चित्र थेट काढीत नाही. तो प्रणालीकडे मागणी करतो, प्रणाली ती ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरकडे पोचविते आणि मग चित्र उमटते. विंडोजमध्ये ही मागणी ज्या ठरावीक भाषेत करावयाची, तिला डायरेक्टएक्स असे नाव आहे. या भाषेत वेळोवेळी नवे शब्द येतात. ते जुन्या प्रणालीला शिकवावयाचे की केवळ नव्या प्रणालीलाच, हे ठरविण्याचा अधिकार एकाच कंपनीकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडे आहे.

हा अधिकार सर्वांच्या नजरेत भरला तो २००७ साली. त्या वर्षी ३० जानेवारीला विंडोज व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. तिच्याबरोबर डायरेक्टएक्स १० आले आणि ते २००१ पासून घरोघरी रुळलेल्या विंडोज एक्सपीवर मिळणार नाही, असे जाहीर झाले. कंपनीने दिलेले कारण तांत्रिक होते: व्हिस्टात ड्रायव्हरची रचनाच बदलली होती, ग्राफिक्स कार्डाची स्मृती अनेक प्रोग्रामांना वाटून देण्याची नवी व्यवस्था आली होती आणि नवे डायरेक्टएक्स तिच्यावर उभे होते. या म्हणण्यात तथ्य होते. डायरेक्टएक्स १० एक्सपीवर आणण्याचे हौशी लोकांचे प्रयत्न तडीस गेले नाहीत, यावरूनही ते दिसते.

मात्र त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनेच प्रसिद्ध केलेले दोन खेळ आले, हेलो २ आणि शॅडोरन. संगणकावर दोन्ही केवळ व्हिस्टासाठी होते. यांपैकी हेलो २ हा मुळात एक्सबॉक्स या खेळयंत्रावर नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला खेळ. अडीच वर्षांपूर्वी, तेव्हाच्या बेताच्या यंत्रावर जो चालला, त्याला आता एकाएकी नवीकोरी प्रणाली लागावी याचे खेळाडूंना नवल वाटले. शिवाय चित्रे काढण्यासाठी तो डायरेक्टएक्स ९ वापरीत होता आणि ते एक्सपीवर होतेच. थोड्याच दिवसांत काही जाणकारांनी खेळातील अडसर काढून हे दोन्ही खेळ एक्सपीवर चालवून दाखविले. असे करणे परवान्याच्या अटींत बसणारे नव्हते आणि त्याचे सरसकट समर्थन करता येणार नाही. पण एक गोष्ट त्यातून उघड झाली. भिंत आहे असे सांगितले गेले होते, तेथे दार होते आणि त्याला बाहेरून कुलूप लावलेले होते.

क्रायसिस या जर्मन खेळाची हकीकत याहून सौम्य, पण तितकीच बोलकी आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये आलेला हा खेळ एक्सपीवर चालत असे. फक्त चित्रांची सर्वांत वरची पातळी डायरेक्टएक्स १० आणि व्हिस्टा असलेल्यांनाच निवडता येई. खेळाबरोबर येणाऱ्या, साध्या अक्षरांत लिहिलेल्या फायलींतील काही आकडे बदलले की त्या पातळीचे बहुतेक दृश्य परिणाम एक्सपीवरही दिसू लागतात, असे खेळाडूंना आढळून आले. येथे कुलूप तोडावेही लागले नाही.

ॲलन वेक या खेळाचे उदाहरण काळानेच पूर्ण केले. व्हिस्टाचे सामर्थ्य दाखविणारा खेळ म्हणून २००६ च्या सुमारास त्याची जाहिरात झाली होती. प्रत्यक्षात तो २०१० साली एक्सबॉक्स ३६० वर आला आणि संगणकावर यावयास फेब्रुवारी २०१२ उजाडले. तोवर व्हिस्टाची जागा विंडोज ७ ने घेतली होती. संगणकासाठी आलेल्या त्या आवृत्तीच्या किमान गरजांत विंडोज एक्सपीचे नाव होते.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण प्रत्येक नव्या आवृत्तीमागे कारस्थान पाहण्याची सवय खेळाडूंनाही लागलेली आहे. बत्तीस बिटांच्या प्रणालीला चार गिगाबाइटांपलीकडच्या स्मृतीचे पत्ते सहजासहजी देता येत नाहीत. आजच्या मोठ्या खेळांना एवढ्या जागेत बसविणे अशक्य आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेली प्रणाली महाजालाला जोडणे धोक्याचे आहे. एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी. खेळ बनविणाऱ्या लहान संस्थांच्या हातीही सर्व काही नसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ प्रसिद्ध केला, तो अनरियल इंजिन या परक्या साधनावर उभारलेला आहे. असे साधन बनविणाऱ्यांनी एखाद्या प्रणालीचा आधार सोडला, तर त्यावर खेळ रचणाऱ्यास तो एकट्याने सांभाळता येत नाही. जुन्या प्रणालीवर प्रत्येक खेळ पुन्हा तपासण्यास माणसे लागतात आणि त्यांना वेतन द्यावे लागते.

तेव्हा प्रत्येक वेळी विचारण्याचा प्रश्न हा की, अडचण यंत्राची आहे की व्यापाराची? २०१५ नंतरच्या घटना या प्रश्नाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहेत. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली आणि वर्षभर ती जुन्या ग्राहकांना विनामूल्य देऊ करण्यात आली. डायरेक्टएक्स १२ मात्र पुन्हा केवळ नव्या प्रणालीसाठी राखून ठेवण्यात आले. फुकट दिलेली वस्तूही सर्वांनाच नको होती. मे २०१६ मध्ये तर असे होऊ लागले की, सूचनेची चौकट फुलीवर दाबून बंद केली तरी ठरविलेल्या वेळी नवी प्रणाली येऊन बसे. फुली म्हणजे नकार, हा संगणक वापरणाऱ्यांचा पिढीजात समज. तो असा उलटविलेला पाहून लोक चिडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीच्या विपणनप्रमुखांनी आपण मर्यादा ओलांडल्याचे मान्य केले. एप्रिल २०१६ मध्ये क्वांटम ब्रेक हा खेळ संगणकावर केवळ विंडोज १० साठी आला होता. सप्टेंबर संपता संपता तोच खेळ स्टीमवर आला आणि विंडोज ७ वर डायरेक्टएक्स ११ च्या साहाय्याने चालू लागला.

सर्वांत नवलाची गोष्ट मार्च २०१९ मध्ये घडली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळाच्या निर्मात्यांच्या विनंतीवरून मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स १२ चा आवश्यक भाग स्वतःच विंडोज ७ वर आणून दिला. त्या प्रणालीच्या दुरुस्त्या थांबावयास तेव्हा जेमतेम दहा महिने उरले होते. जे चार वर्षे नव्या प्रणालीचे भूषण म्हणून मिरविले गेले, ते एका मोठ्या ग्राहकाने मागताच जुन्या प्रणालीला मिळाले. सामान्य खेळाडूने तीच मागणी आधी किती तरी वेळा केली होती.

दरम्यान विरोधाने एक वेगळीच वाट धरली होती. लिनक्स या मुक्त प्रणालीवर विंडोजचे प्रोग्राम चालविण्यासाठी वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. तो विंडोजची नक्कल करीत नाही. विंडोजकडे केलेली मागणी लिनक्सला समजेल अशी करून देतो. दुभाष्याचेच काम म्हणा ना. निअर: ऑटोमाटा हा एकच खेळ लिनक्सवर खेळता यावा या इच्छेने एका प्रोग्रामरने डायरेक्टएक्सची भाषा व्हल्कन या खुल्या भाषेत उतरविणारा डीएक्सव्हीके हा दुभाष्या रचला. स्टीमची मालक संस्था व्हॉल्व्ह हिने वाइन आणि डीएक्सव्हीके यांना एकत्र करून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन प्रसिद्ध केले आणि फेब्रुवारी २०२२ पासून त्यावर चालणारे स्टीम डेक हे हातातले खेळयंत्र विकावयास काढले. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ आता विंडोजशिवाय चालतात.

वाट मोकळी झाली असे यावरून समजू नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि ठरावीक पिढीपुढील प्रोसेसर यांची अट घातली. अनेक धडधाकट संगणक त्यामुळे नव्या प्रणालीस अपात्र ठरले. विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. खेळांनीही हा रस्ता धरला. अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांत लबाडी करणारे फार, म्हणून लबाडी रोखणारे प्रोग्राम संगणकाच्या गाभ्यापर्यंत जाऊ लागले. व्हॅलोरंट या खेळाने २०२१ मध्ये विंडोज ११ वर ती चिप आणि सिक्युअर बूट दोन्ही सक्तीची केली. गंमत अशी की, तीच सक्ती त्या वेळी विंडोज १० वर नव्हती. ऑक्टोबर २०२५ च्या बॅटलफील्ड ६ मध्ये मात्र सिक्युअर बूट सर्वांनाच आवश्यक झाले. एपेक्स लेजेंड्स या खेळाने तर ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सवरील आपले दार बंद केले. लिनक्सच्या खुलेपणामुळे लबाडी पकडणे कठीण जाते, असे निर्मात्यांचे म्हणणे. आदल्या दिवसापर्यंत स्टीम डेकवर तो प्रामाणिकपणे खेळणारेही त्यात बाहेर राहिले.

टहरौलीच्या त्या कल्पित विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर उद्या लिनक्स बसविले, तर एकट्याने खेळावयाचे त्याचे जुने खेळ पुन्हा सुरू होण्याचा बराच संभव आहे. त्याच्या ग्राफिक्स कार्डाला व्हल्कन समजत असले पाहिजे, एवढे त्याने आधी पाहून घ्यावे. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या सगळ्याच कार्डांना ते समजत नाही.