समुद्रशैवाल : किनारी पाण्यातील किरणोत्साराचे जैवदर्शक

समुद्रशैवालाच्या अर्काची फवारणी आज म्हैसूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या भागातही केली जाते. त्यामुळे ‘शैवालात किरणोत्सार आढळला’ अशी बातमी आली की शेतकरी प्रथम विस्तार कार्यकर्त्यालाच विचारतो. उत्तर देण्यासाठी या मापनाचे शास्त्र समजून घेणे आवश्यक आहे.

शैवालच का?
पाण्याचा नमुना केवळ त्या क्षणाची स्थिती दर्शवितो. खडकाला चिकटलेले शैवाल मात्र जागा न सोडता पाण्यात विरघळलेली द्रव्ये दीर्घकाळ शोषून घेते. परिसराची नोंद जशी मधमाशीच्या पोळ्यात उमटते, तशीच ती येथे शैवालात उमटते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २००४ च्या शिफारशींनुसार शैवालातील आयोडीनचे प्रमाण पाण्याच्या सुमारे १०,००० पट, तर सीझियमचे केवळ ५० पट धरले जाते. म्हणजे आयोडीनसाठी शैवाल उत्तम दर्शक आहे. सीझियमसाठी मात्र गाळ व मासळीही तपासावी लागते.

प्रत्यक्ष उपयोग
पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ पासून समुद्रकिनारी अणुवीजनिर्मिती होते. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा पाणी, गाळ, मासळी व शैवाल यांचे नमुने तपासते. इंग्लंडमधील विंडस्केल प्रकल्पाजवळचे पॉर्फिरा शैवाल वेल्समध्ये खाद्यपदार्थासाठी जात असे. म्हणून त्यातील रुथेनियम-१०६ वरून सांडपाण्याची मर्यादा ठरविली गेली. सिडनीच्या किनाऱ्यावरील शैवालात आढळलेले आयोडीन-१३१ मात्र अणुभट्टीतून नव्हे, तर थायरॉईडवर उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या सांडपाण्यातून आले होते. द्रव्य सापडले, तरी त्याचा उगम स्वतंत्रपणे शोधावा लागतो.

नैसर्गिक पोटॅशियमची गल्लत
प्रत्येक ग्रॅम पोटॅशियममध्ये निसर्गतःच सुमारे ३१ बेकेरेल किरणोत्सार असतो. एक किलो वाळलेल्या शैवालात ४० ग्रॅम पोटॅशियम असल्यास केवळ त्यापासून सुमारे १,२४० बेकेरेल मिळतात. पोटॅशयुक्त खतांतही हाच घटक असतो. म्हणून एकूण बीटा मापनाचा आकडा एकट्याने प्रदूषण सिद्ध करीत नाही; गॅमा वर्णपटमापनाने प्रत्येक समस्थानिक वेगळा ओळखावा लागतो.

नमुना घेताना
१. दर वेळी तीच जागा व तीच जाती निवडावी.
२. वाळू व गाळ समुद्राच्याच पाण्याने धुऊन काढावा. गाळातील सीझियम निष्कर्ष बिघडविते.
३. ओले व वाळलेले अशी दोन्ही वजने नोंदवावीत.
४. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे असल्याने नमुना त्वरित पाठवावा. तीव्र उष्णतेने आयोडीन उडून जाते, म्हणून त्यासाठीचा नमुना अधिक तापवू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी
शैवालजन्य निविष्ठेविषयी शंका आल्यास अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात : समस्थानिकाचे नाव, प्रतिकिलो बेकेरेल आणि वजन ओले की वाळलेले. या तिन्हींशिवायच्या आकड्यावरून शेतकऱ्यास भीती दाखवू नये आणि निर्धास्तही करू नये.