थेंबाथेंबाने बदलणारे पाणी



गेल्या वर्षी आरोग्य सेवकांनी डासांच्या अळ्या खाण्यासाठी आम्हाला १२ गप्पी मासे दिले. मी ते प्लास्टिकच्या टबात ठेवले. दिवाळीत आम्ही आठ दिवस मामाच्या गावी गेलो. परत येऊन बघतो तर पाणी हिरवट, आणि वासही येतोय! मी घाईने सगळे पाणी ओतले, टब घासला आणि नळाचे ताजे पाणी भरले. संध्याकाळपर्यंत ९ मासे मेले. मी खूप रडलो. आई म्हणाली, "रडून काय होणार? का मेले ते शोध."

गुरुजींनी समजावून सांगितले. माशांची घाण आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. टबाला चिकटलेले उपयोगी जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्रेट कमी घातक, पण ते साचत जाते. म्हणून पाणी बदलावे लागते. मी तर टब घासून जिवाणूच घालवले होते! शिवाय नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरीचा क्लोरीन होता. रोगजंतू मारण्यासाठी तो आपल्याला हवाच, पण माशांच्या कल्ल्यांना तो इजा करतो. म्हणजे चूक माझीच होती.

मग मी पाणी थोडे थोडे, आपोआप बदलण्याची सोय केली.

साहित्य : टब, १५ लिटरचा कॅन, औषधाच्या दुकानातली नवी सलाईनची नळी (सुई नको), छोटा पाइप, जाळीचे कापड.

कृती : दादाने तापलेल्या खिळ्याने टबाला वरच्या बाजूस भोक पाडून पाइप बसवला. भोकापर्यंत टबात ४० लिटर पाणी मावते. जास्तीचे पाणी पाइपातून बाहेर पडून अळूच्या वाफ्यात जाते. नायट्रेट हे झाडांचे खतच आहे. मासे वाहून ओढ्यात जाऊ नयेत म्हणून पाइपाच्या तोंडाला जाळी बांधली. कॅन उंच फळीवर ठेवला. त्याच्या तळाजवळच्या भोकात नळीचे टोक घट्ट बसवले. चाकी फिरवून मिनिटाला २० थेंब पडतील असे केले.

गणित : या नळीचे २० थेंब म्हणजे सुमारे १ मिलिलिटर. दिवसाची मिनिटे १४४०, म्हणून रोज जवळजवळ दीड लिटर. आठवड्याला सुमारे १० लिटर, म्हणजे टबाच्या पाव भागाएवढे नवे पाणी!

काळजी : नळाचे पाणी उघड्या घमेल्यात एक दिवस ठेवून मगच कॅनमध्ये भरावे. कॅनच्या तोंडाला कापड बांधावे, म्हणजे हवा जाते पण डास जात नाहीत. पाणी कमी झाले की थेंब मंदावतात, म्हणून रोज मोजावेत. जाळी तुंबली तर टब भरून वाहील, तीही रोज पाहावी.

उरलेल्या तीन माशांना आता पिल्ले झाली आहेत. यंदा मामाकडे जाण्याआधी मी कॅन भरला, थेंब मोजले आणि जाळी बघायला शेजारच्या काकूंना सांगितले. आल्यावर पिल्ले मोजली, एकही कमी नव्हते. अळूही चांगला फोफावला होता. त्याच्या वड्या आईने काकूंना दिल्या.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी