नाताळचा सिनेमा : काय पाहावे, कसे पाहावे?



करंज्या तळून झाल्या, गोठा सजला, मध्यरात्रीची मिस्सा झाली, पाहुणे आले, की घरात कुणीतरी टीव्ही लावतो आणि सगळे सिनेमा पाहायला बसतात. त्यात वावगे काही नाही. मात्र काय पाहावे आणि कसे पाहावे, याचा विचार या आगमनकाळात आपण करू या.

चित्रातून सुवार्ता सांगण्याची रीत ख्रिस्तसभेला नवी नाही. १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो गावी गवत भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव आणवले. बेथलेहेमची गरिबी लोकांना डोळ्यांनी दिसावी, हा त्यांचा हेतू. शब्द देही झाला, हा आपला विश्वास आहे. म्हणून श्रद्धेत कानांइतकाच डोळ्यांचाही वाटा आहे.

आपल्या मराठी मातीतही याचे एक मोठे उदाहरण आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. कुणी हा प्रसंग १९१० च्या नाताळातला सांगतात, कुणी १९११ च्या ईस्टरचा. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असताना आपल्या मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिले. पुढे विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते विलायतेला गेले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पाहिलेल्या चित्राने त्यांना कामाला लावले.

या नाताळात पाहण्यासाठी आम्ही तीन चित्रपट सुचवतो.

१) ‘दयासागर’ : १९७८ च्या ‘करुणामयुडू’ या तेलुगू चित्रपटाचे हे हिंदी रूप. गावोगावी उघड्यावर पडदा लावून तो दाखवला गेला. आजी-आजोबा आणि नातवंडे यांनी एकत्र पाहावा असा आहे.

२) ‘मत्तयचे शुभवर्तमान’ : इटालियन दिग्दर्शक पासोलिनी यांचा १९६४ चा कृष्णधवल चित्रपट. पासोलिनी मार्क्सवादी होते, पण चित्रपट त्यांनी पोप तेविसावे योहान यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यात नामवंत नट नाहीत, साधी माणसे आहेत. सुरुवातीला गरोदर मरिया आणि गोंधळलेला योसेफ एकमेकांकडे नुसते पाहतात. कुणीच बोलत नाही. चित्रपट संथ आहे. तरुणांनी धीर धरून पाहावा.

३) ‘इट्स अ वंडरफुल लाईफ’ : फ्रँक काप्रा यांचा १९४६ चा चित्रपट. व्हॅटिकनने १९९५ मध्ये, सिनेमाच्या शताब्दीनिमित्त निवडलेल्या ४५ चित्रपटांत वरचे दोन्ही परदेशी चित्रपट आहेत.

या तिसऱ्या चित्रपटाकडे जरा बारकाईने पाहू. जॉर्ज बेली लोकांना घरासाठी कर्ज देणारी छोटी संस्था चालवतो. संस्थेवर संकट येते, तेव्हा मधुचंद्रासाठी साठवलेले पैसे तो ठेवीदारांना वाटून टाकतो. पुढे ऐन नाताळच्या आदल्या दिवशी संस्थेचे आठ हजार डॉलर हरवतात आणि तो जीव द्यायला पुलावर जातो. तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. तो स्वतःच पाण्यात उडी घेतो! त्याला वाचवण्याच्या धांदलीत जॉर्ज आपले मरण विसरतो. शेवटी शेजारीपाजारी पैसे घेऊन धावत येतात. धनाढ्य पॉटरने दडवलेली रक्कम मात्र परत येत नाही आणि त्याला शिक्षाही होत नाही. अन्याय तसाच राहतो. त्याने पडलेली खिंड माणसांचे प्रेम भरून काढते.

हे पाहताना डोळे पाणावतात. इथे संत ऑगस्टीन यांचा प्रश्न लक्षात घ्यावा. तरुणपणी नाटकगृहात काल्पनिक दुःखांवर आपण किती रडलो, हे आठवून ते आत्मनिवेदनात विचारतात : जिथे प्रेक्षकाला मदतीसाठी कुणी बोलावतच नाही, फक्त हळहळायला बोलावतात, तिथली दया ही कसली दया? प्रश्न बोचरा आहे. अश्रू वाईट नाहीत. पण ते खुर्चीवरच सुकले तर दयेचे काम अर्धवट राहते.

मंगळवेढ्याला हे वेगळे सांगायला नको. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाचे धान्यकोठार भुकेल्यांसाठी खुले केले, ही कथा इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. भूक पाहून ते हळहळत बसले नाहीत. नाताळच्या दिवसांत आपल्या भागात ऊसतोड चालू असते. परगावची कुटुंबे शेताकडेला कोप्यांत राहतात. थंडीत तिथे बाळंतिणी असतात, तान्ही लेकरे असतात. उतारशाळेत जागा न मिळालेल्या मरिया-योसेफाची गोष्ट पडद्यावर पाहणाऱ्या आपल्याला ही कोपी दिसते का?

कुटुंबात चर्चेसाठी :

१) चित्रपटातील कोणते पात्र आपल्या गल्लीतल्या कुणाची आठवण करून देते?
२) आपण सगळे एकत्र पाहिले, की प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर?
३) पाहून झाल्यावर, नव्या वर्षाआधी, आपले कुटुंब कुणाच्या दारी जाईल? फराळाचा डबा, एखादे घोंगडे, लहान मुलाचा स्वेटर, काय नेता येईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या मुलांकडून काढून घ्यावे आणि डबा त्यांच्याच हाती द्यावा, ही विनंती. बाळ येशू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. नाताळच्या शुभेच्छा!

आपले धर्मगुरू