बुजलेले मांजर घरी रुळते कसे?

'मार्जार' हा शब्द संस्कृतातील 'मृज्' म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे, या धातूपासून आला आहे. मराठीत त्याचे 'मांजर' झाले आणि आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या घरी 'माजर'. आपले अंग अखंड चाटून निर्मळ ठेवणारा प्राणी तो मार्जार. हे नाव ठेवणाऱ्याने त्याला जवळून न्याहाळले होते, यात शंका नाही. आपल्या म्हणींनी व समजुतींनी मात्र या प्राण्याला फारसा न्याय दिलेला नाही. ते डोळे मिटून दूध पिते, ते आडवे गेले तर काम बिघडते, कुत्रे माणसाला धरून राहते व मांजर घराला, असे आपण ऐकत आलो आहो. यांपैकी शेवटच्या समजुतीत सत्याचा मोठा अंश आहे. ज्या प्राण्याला जागेची एवढी ओढ, त्याला त्याच्या जागेवरून उचलून परक्या घरी आणले, तर त्याच्या मनाची स्थिती काय होत असेल?

विद्यार्थी मित्रहो, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. मासळीबाजारातून किंवा शेजाऱ्याकडून एखादे मांजर पिशवीत घालून आणतात. घरातील मुले त्याच्याभोवती कोंडाळे करतात. ते कपाटाखाली शिरते, कोणी हात घातला तर फिस्कारते, दोन दिवस काही खात नाही. तिसऱ्या दिवशी घरातील वडीलधारी माणसे निकाल देतात, की हे माणसाळणारे नव्हे. आणि चौथ्या दिवशी ते पुन्हा पिशवीत जाऊन गावाबाहेर सोडले जाते. अनोळखी जागी, ठरलेल्या अन्नावाचून, कुत्र्यांच्या व वाहनांच्या तावडीत त्याचे पुढे काय होते हे सहसा कोणी पाहत नाही. पाळलेला प्राणी सबळ कारणावाचून उपाशीतहानलेला राहील अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमाप्रमाणे अपराध आहे. तथापि कायद्याचा विचार क्षणभर बाजूस ठेवला, तरी त्या निकालातच चूक आहे. त्या तीन दिवसांत मांजराने जे केले, ते त्याच्या जातीचे प्रत्येक शहाणे मांजर करील. उणीव असते ती आपल्या धीराची.

भयाचे मूळ

आजचे घरगुती मांजर हे आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजरापासून उत्पन्न झाले. सायप्रस बेटावर एका मनुष्याच्या थडग्याशेजारी पुरलेले मांजर सापडले. त्याचा काळ सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा असल्याचे संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे माणसाशी त्याचा परिचय फार जुना आहे. परंतु कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहणारे, तर मांजराचे पूर्वज एकट्याने शिकार करणारे. एकट्या शिकाऱ्याला दुखापत झाली तर त्याला पोसणारा कोणी नसतो. शिवाय उंदराचा काळ असलेले हे लहानसे जनावर मोठ्या श्वापदांचे भक्ष्यही होते. म्हणून संकट दिसताच झुंजण्यापेक्षा लपणे हा त्याचा पहिला धर्म होय. कपाटाखाली शिरणारे मांजर भित्रे नसते. त्याच्या हजारो पिढ्यांना ज्या शहाणपणाने जगविले, तेच ते आचरीत असते.

त्याच्या इंद्रियांचाही विचार केला पाहिजे. माणसाला एका सेकंदात सुमारे २० हजार कंपने होणारा ध्वनी कसाबसा ऐकू येतो. मांजराला ६० हजारांहून अधिक कंपनांचाही ऐकू येतो. भांडे आपटल्याचा आवाज आपल्या कानाला साधा वाटतो, त्याच्या कानाला तो तसा वाटत नाही. घ्राणेंद्रियाची गोष्ट याहून महत्त्वाची. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर व पंजांत गंधग्रंथी असतात. खांबाला, दाराच्या चौकटीला गाल घासून ते तेथे आपला गंध ठेवते आणि त्या गंधावरून 'ही जागा माझी' असे ओळखते. परक्या घरात त्याचा स्वतःचा गंध कोठेच नसतो. आपल्याला भिंती, दारे व खिडक्या दिसतात. त्याला सर्वत्र परकेपणाचा वास येतो.

आणखी एक कारण बाल्यातले आहे. जन्मानंतर साधारणतः दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत ज्या पिलाला माणसाचा प्रेमळ हात लागतो, ते पुढे माणसाशी सहज मिसळते. हा काळ ज्याचा मोरीत किंवा बाजाराच्या फळ्यांखाली गेला, त्याला माणसावर विश्वास ठेवावयास अधिक दिवस लागतात. अधिक दिवस लागतात, एवढेच. ते अशक्य असते असे नव्हे.

पहिली खोली

यावरून पहिला नियम निघतो. नव्या मांजराला सारे घर एकदम दाखवू नये. एक लहान, शांत खोली द्यावी. आपल्या जुन्या घरांतील कोठीची खोली किंवा फारशी वर्दळ नसलेली आतली खोली यास उत्तम. कौलारू घर असेल तर माळ्याकडे व कौलांकडे जाणारी वाट आधी बंद करावी. खोलीच्या एका कोपऱ्यात अन्न, तेथून काहीशा अंतरावर पाणी, आणि दूरच्या कोपऱ्यात तीन-चार बोटे वाळू घातलेली पसरट पेटी, अशी मांडणी असावी. अन्नाच्या शेजारी मलविसर्जन करणे मांजराला रुचत नाही.

सर्वांत आवश्यक वस्तू म्हणजे लपण्याची जागा. किराणा दुकानातील पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्यात जुने कापड घातले की पुरे. हॉलंडमधील उट्रेक्ट येथील संशोधकांनी प्राण्यांच्या आश्रयगृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपावयास खोके दिले व काहींना दिले नाही. खोके मिळालेली मांजरे पहिल्या काही दिवसांतच इतरांहून शांत झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे तात्पर्य सरळ आहे. ज्याला मागे फिरण्याची वाट मोकळी आहे, तोच पुढे येण्याचे धाडस करतो.

ते पूर्वी ज्या कापडावर निजत असे, ते मिळाले तर अवश्य आणावे व धुऊ नये. जमीन फिनेलने पुसू नये. त्यातील द्रव्ये पंजांना लागतात, चाटण्याने पोटात जातात व ती मांजराला विषारी असतात. चतुर्थी, दिवाळी किंवा गावच्या फेस्ताचे फटाक्यांचे दिवस नवे मांजर आणण्यास योग्य नव्हेत.

मैत्रीची रीत

वैष्णव आचार्यांच्या तत्त्वचर्चेत 'मार्जारन्याय' प्रसिद्ध आहे. वानराचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते. मांजराचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. पिलाचे ते निःशंक लोंबकळणे म्हणजे पूर्ण विश्वास. परंतु हा न्याय आई आणि पिलू यांच्यापुरता आहे. वाढलेल्या मांजराला मानगूट धरून उचलणे म्हणजे त्याला वेदना व भय देणे होय. त्याचा विश्वास आपल्याला जन्मतः मिळालेला नाही, तो मिळवावयाचा आहे.

तो कसा मिळवावा? खोलीत जाऊन जमिनीवर, त्याच्याकडे तोंड न करता, एका बाजूस बसावे. टक लावून पाहणे मांजरांच्या भाषेत आव्हान असते. दृष्टीस दृष्ट मिळालीच, तर डोळे सावकाश अर्धवट मिटावे आणि सावकाश उघडावे. इंग्लंडमधील ससेक्स व पोर्ट्‌समथ येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की माणसाने असे केले असता मांजरेही तसेच डोळे मिटून उत्तर देतात व अशा माणसाच्या जवळ येण्यास अधिक तयार होतात. म्हणीतले 'डोळे मिटणे' हे लबाडीचे लक्षण नसून सौजन्याचे असू शकते, हे आपण ध्यानी घ्यावे.

विद्यार्थ्यांना एक सोपा उपाय सुचवितो. आपला धडा त्या खोलीत बसून हलक्या आवाजात वाचावा. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात एका प्राणिसंस्थेने, मुलांनी तेथील मांजरांना पुस्तके वाचून दाखविण्याचा उपक्रम चालविला आहे. एकसुरी, शांत वाचनाने मांजराला आवाजाची सवय होते. मुलाचा अभ्यास होतो, आणि हातात पुस्तक असल्यामुळे मांजराला पकडण्याचा मोहही आवरतो.

आमच्या घरी पावसाळ्याच्या आरंभी सुमारे वर्षाची एक मांजरी आली. तिच्या प्रगतीची वहीतील टिपणे उदाहरणादाखल देतो. पहिले तीन दिवस ती तांदळाच्या पिंपामागे होती. अन्न फक्त रात्री, दिवा मालवल्यावर संपत असे. चौथ्या दिवशी तिचे डोके दिसले. सहाव्या दिवशी वाचनाचा आवाज आला की तिचे कान त्या दिशेला वळू लागले. नवव्या दिवशी तिने दोन हातांच्या अंतरावर माझ्यासमोर बांगड्याचा तुकडा खाल्ला. तेराव्या दिवशी पुढे धरलेले बोट हुंगले. सतराव्या दिवशी शेपटी उभी करून आली आणि नडगीला गाल घासून गेली. विसाव्या दिवशी मोठी वीज कडाडली. ती पुन्हा खोक्यात शिरली व दोन दिवस बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी आपण होऊन आली. यावरून दिसून येईल, की प्रगती सरळ रेषेत होत नसते आणि एका दिवसाच्या माघारीने आधीचे श्रम वाया जात नाहीत.

मांजराने स्वतः हुंगल्यावाचून त्याला स्पर्श करू नये. केला तर आधी गाल, हनुवटी व कानामागचा भाग कुरवाळावा. पोटाला हात लावू नये. कान मागे चपटे झाले, बाहुल्या मोठ्या झाल्या, शेपटी झटके देऊ लागली, की हात मागे घ्यावा. गुरगुरणे नेहमीच आनंदाचे असते असे नाही; दुखऱ्या किंवा घाबरलेल्या मांजराच्या घशातूनही तो आवाज येतो. म्हणून अंगाची ठेवण पाहून अर्थ लावावा.

अन्न, आरोग्य व दार

मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. केवळ दूधभातावर त्याचे पोषण होत नाही. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचतही नाही. आमच्याकडे उरलेली शीत-कढी घालण्याची चाल आहे. परंतु तिच्यातील कांदा व लसूण मांजराच्या रक्तास अपायकारक असतात. काटे काढलेली, मीठमसाल्यावाचून उकडलेली मासळी किंवा कोंबडीचे मांस थोडे द्यावे. मात्र नेहमीसाठी मांजरांकरिता तयार केलेले परिपूर्ण अन्न सोयीचे. पहिल्या दिवशी ते खाल्ले नाही तर घाबरू नये. दोन दिवस पूर्ण उपवास घडला तर मात्र पशुवैद्याकडे न्यावे, कारण दीर्घ उपासाने मांजराचे यकृत बिघडते. माणसाच्या गोळ्या त्याला कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा प्राण घेऊ शकते. अलर्करोगाची म्हणजे रेबीजची लस पिलास तीन महिन्यांचे झाल्यावर टोचून घ्यावी व संतती-प्रतिबंधक शस्त्रक्रियेविषयी पशुवैद्याला विचारावे. चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ही गोष्ट मार लागेल या भीतीने कोणत्याही मुलाने घरी लपवू नये.

खोलीत ते निर्धास्त वावरू लागले, म्हणजे दार किलकिले ठेवावे. उचलून बाहेर आणू नये. उंबरठा त्याने स्वतः ओलांडावा. घरात आधीचे मांजर असेल तर प्रथम दोघांच्या अंथरुणांची अदलाबदल करून गंधाची ओळख करून द्यावी, प्रत्यक्ष भेट नंतर. परसात सोडावयाचे असेल तर निदान तीन-चार आठवडे थांबावे, नाही तर ते जुन्या जागेच्या शोधात निघून जाते. प्रथम सोडताना ते उपाशी असावे, म्हणजे अन्नाच्या वेळी परत येईल.

निरीक्षणासाठी

ज्यांच्या घरी नवे मांजर येईल, त्यांनी एक वही घालावी. दररोज ठरावीक वेळी पाच गोष्टी लिहाव्या: ते कोठे बसले होते, किती खाल्ले व कोणासमोर, कानांची व शेपटीची ठेवण कशी होती, कोणत्या आवाजाने दचकले, आणि आपल्यापासून किती हातांवर आले. महिन्याच्या अखेरीस अंतराचा आलेख काढावा. 'हे माणसाळणार नाही' असे कोणी म्हणाले, तर वादाऐवजी तो आलेख पुढे ठेवावा. तिसऱ्या दिवशी दहा हातांवर असलेले मांजर दहाव्या दिवशी सहा हातांवर आले असेल, तर त्याला पिशवीत घालण्याचे कारण उरत नाही. ते आपल्याकडे चालत आलेच आहे. त्याची चाल तेवढी त्याची आहे.